लेबल धुऊन गेलं तरी पहिली बाजू कुठली ते कळतं, असा अल्बम कुठला?

उद्यमनगरचा टर्नर

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीत विचारता आला असता, पण मागचं सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही. म्हणून थोडं लांबण लावतो.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक जुनं मिलिंग आणि अलीकडे घेतलेलं एक सीएनसी. वडीलही टर्नरच. दिवाळीच्या बोनसमधून दरवर्षी एक रेकॉर्ड घ्यायची हा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांनी संसाराच्या ओढाताणीतही मोडला नाही. आमचं जुनं घर शुक्रवार पेठेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४३ ची. माणसं, कागदपत्रं, गॅस सिलिंडर वर नेले. रेकॉर्डींची ट्रंक खालीच राहिली.

पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर कव्हरांचा लगदा झालेला. आतल्या रेकॉर्डी मात्र शाबूत. मी आणि बायकोनं साध्या पाण्यात थेंबभर लिक्विड सोप टाकून, मऊ फडक्यानं, रेषांच्या दिशेनं गोल गोल फिरवत एकेक धुतली आणि भांड्यांच्या रॅकमध्ये उभी करून वाळवली. घाईत दोन गच्चीवर उन्हात राहिल्या, त्या वाकल्या. बाकीच्या वाजतात. पण अकरा रेकॉर्डींची लेबलं गेली. मधे नुसता पांढरा किंवा शाईचा डाग पडलेला गोल. वडील तीन वर्षं आधीच गेले होते. ते असते तर रेषांच्या पट्ट्या बघूनच त्यांनी नावं सांगितली असती.

मग मी रोज रात्री एक रेकॉर्ड लावायला बसलो. नाव माहीत नाही, गायक माहीत नाही, बाजू पहिली की दुसरी तेही माहीत नाही. त्यातली एक लावली. संतूर, बासरी आणि गिटार. ऐकताना वाटलं, हे दिवेलागणीचं काहीतरी आहे. शेवटची रचना संपली तेव्हा रात्र झाल्यासारखं वाटलं. उलटी करून लावली, आणि आमच्या हॉलमध्ये पहाट झाली! अंगावर काटा आला. रागांची नावं मला तेव्हा माहीत नव्हती, पण मी बाजू उलट्या क्रमानं लावल्यात हे कानानंच सांगितलं.

पुढे कळलं, ती ‘कॉल ऑफ द व्हॅली’. १९६७ ची. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, अहीर भैरव रागापासून पहाडी रागापर्यंत. संतूर, बासरी आणि गिटार वाजवणारे तिघंही तेव्हा तिशीच्या आसपासचे. कल्पना एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीतल्या जी. एन. जोशींची, म्हणजे आपल्या भावगीताच्या सुरुवातीच्या काळातले गायक.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच व्याख्या बसली आहे. सगळी गाणी उत्तम असली म्हणून अल्बम निर्दोष होत नाही. लेबल पुसलं, कव्हर सडलं, तरी कुठून सुरू करायचं आणि कुठं संपवायचं हे ज्यातून ऐकू येतं, तो निर्दोष. उत्तम गाण्यांची पिशवी वेगळी आणि अल्बम वेगळा.

आता धंद्याच्या अंगानं थोडं सांगतो, कारण मला हे लेथवरच जास्त पटलं. रेकॉर्डच्या एका बाजूवर खाच एकच असते, बाहेरून आत जाणारी. लेथवर जॉब पकडणारं थ्री-जॉ चक उघडून आतला स्क्रोल, म्हणजे चकलीसारखी गोल खाच, ज्यांनी बघितलाय त्यांना ती लगेच डोळ्यासमोर येईल. मिनिटाला ३३⅓ फेरे, वीस मिनिटांची बाजू धरली तर साडेसहाशेच्या वर फेरे. आणि मूळ रेकॉर्ड जिच्यावर कापतात त्या मशीनलासुद्धा लेथच म्हणतात.

आता बघा, फेसिंग करताना, म्हणजे फिरत्या जॉबचं तोंड सपाट कापताना, आरपीएम तोच ठेवून टूल मध्याकडे आणलं की कटिंग स्पीड पडतो आणि फिनिश बिघडतं. रेकॉर्डचंही तसंच. मी मोजपट्टी लावून हिशोब केला. बाहेरच्या कडेला पिनखालून मिनिटाला तीस मीटरच्या आसपास खाच जाते, आत लेबलाजवळ जेमतेम बारा-तेरा. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबायचा, म्हणून बाजूच्या शेवटी खणखणीत, जोरकस गाणं फाटतं. जाणकार मंडळी तिथं शांत गाणं ठेवत. म्हणजे गाण्याची जागा नुसत्या आवडीवर ठरत नव्हती, धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या स्वभावावरही ठरत होती. सीडीचं उलट. ती आतून बाहेर वाजते आणि वेग बदलत जाते, आत साधारण ५०० फेरे, बाहेर २००. आमच्या सीएनसीवर जी-९६ हा कापण्याचा वेग कायम ठेवणारा कोड लावल्यासारखं, खाचेचा वेग कायम. त्यामुळं सीडीवाल्यांना शेवटी काहीही ठेवता येऊ लागलं, आणि माझ्या मते तिथूनच शेवट ढिला पडायला लागला. याच ‘कॉल ऑफ द व्हॅली’च्या सीडीवर पहाडीनंतर आणखी तीन रचना जोडल्यात. वाजवलंय सुरेखच. पण मेंढपाळ झोपल्यावर त्याला परत उठवायचं कशाला?

तर प्रश्न असे. एक, तुमच्याकडे असा कुठला अल्बम आहे जो लेबलाशिवाय स्वतःचा क्रम सांगतो? दोन, आमच्या शॉपमध्ये खंडेनवमीला मशीन बंद असतात, पूजा होते. वर्षात तेवढा एकच दिवस तिथं शांतता असते. त्या दिवशी पोरांना एक रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवायची आहे. कुठली लावू? आणि तीन, तीन रेकॉर्डींच्या बाजू मला अजून ठरवता आलेल्या नाहीत. काही युक्ती असली तर सांगा.

---

महाद्वारचा कॅसेटवाला

तिसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरा. शेवटचं गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं, त्यामधे जी मोकळी गुळगुळीत पट्टी असते तिच्यावर बारीक नंबर ठोकलेला किंवा कोरलेला दिसेल. तो कागदावर नसतो, त्यामुळं पुरात जात नाही. दोन्ही बाजूंचे नंबर बहुधा लागोपाठचे असतात, लहान नंबर ती पहिली बाजू. तुम्ही तर टर्नर, भिंग तुमच्याकडे असणारच.

आता माझं. महाद्वार रोडवर माझं कॅसेटचं दुकान होतं. विकण्यापेक्षा कॅसेट भरून देण्यावर धंदा चालायचा. लोक वहीच्या पानावर यादी आणायचे, ह्या पिक्चरमधलं एक, त्या पिक्चरमधलं एक. साठची कॅसेट, म्हणजे बाजूला तीस मिनिटं. मी हजारो भरल्या असतील. त्यातून एक शिकलो. काही कॅसेटमधून लोक एकच गाणं मागायचे आणि काहींमधून गाणं उचलताच यायचं नाही.

‘गारवा’ बघा. मिलिंद इंगळ्यांचं संगीत, सौमित्रच्या कविता. गाण्याच्या आधी सौमित्र स्वतःच्या आवाजात कविता म्हणतो आणि ती गाण्यात उतरते. गिऱ्हाईक म्हणायचं, नुसतं गाणं भरा. मी गाण्यापासून भरून द्यायचो आणि आठ दिवसांनी तोच माणूस परत येऊन अख्खी कॅसेट घेऊन जायचा. कविता कापली की गाणं उघडं पडायचं. आपल्याकडे जूनमध्ये आभाळ भरून येतं, राधानगरीकडनं वारा सुटतो, त्या दिवसांत त्या कॅसेटचा खप वाढायचा. हे माझ्या गल्ल्यावर मी बघितलंय.

उलट बाजूही सांगतो, कारण ती मला खुपते. कॅसेटच्या जमान्यात बरेच जण ए बाजूला पहिलं गाणं भारी ठेवायचे, बी बाजूला भरती. गिऱ्हाईक दुकानात पहिलं मिनिटभर ऐकून पैसे द्यायचं, म्हणून सगळा जोर तिथं. मी ते विकलं, पण घरी कधी नेलं नाही.

आणि अल्बम हा शब्द कुठून आला माहीत असेलच. मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी बाजूला साडेतीन मिनिटांच्या आत संपायची. मोठी रचना असली की चार-पाच तबकड्या लागायच्या. त्या लग्नाच्या फोटोंच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात घालून विकत. पुस्तक गेलं, नाव राहिलं. म्हणजे पहिल्यापासून त्या शब्दात ‘एकापुढे एक लावलेलं’ हेच आहे.

---

गडहिंग्लजची गाणंवाली

टर्नर दादा, तुमची व्याख्या मला फार आवडली. मी पंचवीस वर्षं मुलांना गाणं शिकवते आणि हे मला असं सुचलं नव्हतं.

पण एक जोड देते. आपल्याकडे क्रम ऐकू येण्याची सवय रेकॉर्डच्या फार आधीची आहे. मैफलीत विलंबित ख्याल, मग द्रुत, मग एखादं नाट्यपद किंवा ठुमरी, आणि शेवटी भैरवी. भैरवी सुरू झाली की लोक चपला शोधत नाहीत, उलट सावरून बसतात. कोल्हापूरच्या देवल क्लबात मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून हे बघितलंय. भैरवी म्हणजे आता याच्यापुढे काही गायचं नाही, असा सगळ्यांनी मान्य केलेला करार. त्यामुळं तुम्ही लेबलाशिवाय ओळखलंत, त्यात रागांच्या वेळेचा मोठा वाटा आहे. ते मेंढपाळाचं चित्र नसतं तरी अहीर भैरव सकाळीच नेणार होता.

याच कसोटीवर माझी निवड किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, बागेश्री मध्यरात्रीकडे झुकलेली. दोनच राग, पण मधे रेकॉर्ड उलटायला जो वेळ लागतो तेवढ्यात रात्र चढलेली असते. भूपात पाचच स्वर, त्यात मध्यम नाही, निषाद नाही. उलटल्यावर बागेश्रीत तो मध्यम येतो आणि तिथंच ठाण मांडून बसतो. वीस मिनिटं जो स्वर ऐकलेला नाही, तो असा समोर आला की काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही. बागेश्री आधी लावून मी प्रयोग केलाय. राग तेच, पण भूप नंतर ऐकताना तो उपाशी वाटतो.

आणि हे गाणं कोल्हापूरचंही आहे, हे मुलांना मी दरवेळी सांगते. किशोरीताई मोगूबाई कुर्डीकरांच्या लेक आणि शिष्या, मोगूबाई अल्लादियाँ खाँसाहेबांच्या, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात. केसरबाई केरकरही लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या, पुढे अल्लादियाँ खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. त्या तबकडीवर संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत, त्यात केसरबाई पंचविसाव्या. शेवटाजवळच! निवडणाऱ्यांना भैरवीचा रिवाज माहीत होता की नव्हता, तिची जागा मात्र बरोबर आली. आणि दादा, ती तबकडीसुद्धा आपलं लेबल वाचू न शकणाऱ्यांसाठी केलेली आहे. पिन कुठं ठेवायची, किती वेगानं फिरवायची, हे तिच्या कव्हरवर चित्रांनी कोरलंय.

---

कागल बस ०७:१०

मी पंचविशीतला आहे, रेकॉर्ड प्लेयर आमच्या घरी कधीच नव्हता. रोज सकाळी बसनं कागल एमआयडीसीला जातो आणि कानात इयरफोन. तुम्ही सगळे क्रमाबद्दल बोलताय, पण मला क्रम असतो हेच उशिरा कळलं. फोनवर सगळं शफलवर असायचं.

एकदा पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ लावला होता, १९७३ चा. जुना फोन, दोन गाण्यांच्या मधे अर्धा सेकंद आवाज तुटायचा. त्या तुटण्यानं माझ्या लक्षात आलं की ही गाणी मुळात एकमेकांना चिकटलेली आहेत, एकातून दुसरं निघतंय. मग शफल बंद केलं, गाण्यांमधली फट जाईल अशी सेटिंग शोधली आणि परत ऐकला. सुरुवातीला हृदयाचे ठोके, शेवटीही तेच ठोके. टर्नर दादांची कसोटी इथं गंमतशीर होते. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे ऐकून नक्की सांगता येणार नाही, कारण दोन्ही टोकं सारखी आहेत. तरी तो निर्दोष आहे असं मी छातीठोक म्हणेन. म्हणजे क्रम सरळ रेषेतच असला पाहिजे असं नाही, गोलही चालतो.

दुसरं, लांबीचं काय? ‘सैराट’मध्ये गाणी चारच. अजय-अतुलनी अमेरिकेत जाऊन तिथला वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. ‘इजाजत’मध्येही चारच, चारही आशाताईंची. चारात एकही कमी-जास्त वाटत नाही. मला वाटतं निर्दोष राहायचं असेल तर थोडकं असणं हा मोठा आधार आहे. चौदा गाण्यांच्या अल्बममधली निदान चार तरी मी कागल यायच्या आत पुढं ढकलतो.

---

गडहिंग्लजची गाणंवाली

गोल असण्याचा मुद्दा पटला. पण थोडक्याचं नाही पटत. ‘गीत रामायण’ छप्पन्न गाण्यांचं आहे. १ एप्रिल १९५५ ला आकाशवाणी पुणे केंद्रावर सुरू झालं, दर आठवड्याला एक, आणि त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नाची छप्पन्न झाली. त्याचे संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, तर कोल्हापूरचे, जन्म इथलाच. त्यातलं एक गाणं काढून बघा, पुढच्याला पाय राहत नाही. कुशलव रामासमोर गातात तिथून कथा सुरू होते आणि फिरून तिथंच येते. म्हणजे तुम्ही म्हणता तसं गोलच की! लांबी नाही, गरज बघायची.

---

उद्यमनगरचा टर्नर

सगळ्यांचे आभार. कॅसेटवाले काका, तुमची युक्ती लागू पडली. दहापट भिंगाखाली तिन्ही रेकॉर्डींवर नंबर सापडले. अक्षर इतकं बारीक आणि एकसारखं की काम करणाऱ्या हाताला नमस्कार करावासा वाटला.

पण एका रेकॉर्डनं मला पेचात टाकलंय. अभंग आहेत, गायकाचं नाव अजून लागलेलं नाही. एका बाजूचा शेवट भैरवीत आहे, हे आता ताईंमुळं ओळखता आलं. माझ्या कानानं ती दुसरी बाजू ठरवली होती. नंबर म्हणतो ती पहिली. म्हणजे अर्ध्यातच भैरवी? माझी कसोटी इथं चुकली का?

---

गडहिंग्लजची गाणंवाली

चुकली नाही. घरोघरी लोक बऱ्याचदा एकच बाजू लावत. सकाळी देवपूजेला एक बाजू, उलटायला कुणाला वेळ? काही गवई म्हणून प्रत्येक बाजूच एक छोटी मैफल धरून बांधत. दुसरी बाजू भूपाळीसारख्या कशानं सुरू होते का बघा. तसं असेल तर ती एका रेकॉर्डवरची दोन संपूर्ण भजनं आहेत.

---

उद्यमनगरचा टर्नर

ताई, बघितलं. भूपाळीनंच सुरू होते! दोन्ही बाजू सकाळीच सुरू होतात. मी पाच वर्षं ती उलटसुलट लावत बसलो होतो. आता पांढरा पुठ्ठा कापून कव्हर केलंय आणि त्याच्यावर दोन्हीकडे ‘पहिली’ असंच लिहिलंय.

खंडेनवमीचं सांगायचं राहिलं. किशोरीताईंची लावायची फार इच्छा होती, पण ती आमच्याकडच्या वाकलेल्या दोनांपैकी एक निघाली. पिन वर-खाली होते, सूर हलतो. असं ऐकवणं बरं नव्हे. म्हणून ‘कॉल ऑफ द व्हॅली’च लावली.

लेथला हार घातले, टूलपोस्टला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला. मिलिंगच्या टेबलावर प्लेयर ठेवला, कारण शॉपमध्ये सगळ्यात नीट लेव्हल केलेली जागा तीच. सहा पोरं, माझी बायको आणि शेजारच्या फौंड्रीतले दोघं. मी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. मेंढपाळाचं नाव काढलं नाही, रागांचंही नाही.

पहिल्या बाजूला दोघांनी फोन बघितला. उलटताना एकजण चहा आणायला उठला तो दारातच थांबला. पहाडी संपली, पिन आतल्या मोकळ्या पट्टीत गेली आणि टक्-टक् फिरत राहिली. आमच्याकडे ड्रिलिंगवर असलेला सगळ्यात लहान पोरगा, राधानगरीजवळच्या वाडीतला, घरी म्हशी आहेत त्याच्या. तो म्हणाला, ‘दादा, रात झाली की. आता सकाळची बाजू लावा परत.’

मी परत लावली.